'इटली'चा शेवट

रविवारी सकाळी आबा पितळ घासायला काढायचे. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन बँडची दहा-अकरा माणसं आमच्या परसात ओळीनं मांड्या घालून बसायची, आणि भोंगे उन्हात चमकायला लागले की शेजारच्या कोंबड्या त्या चकाकीला बिचकून पत्र्यावर चढायच्या. साताऱ्याच्या सदर बझारात आमचं घर कुणालाही विचारलं तरी पत्ता एकच मिळायचा, "जिथनं आवाज येतोय तिथं जा." आबा फौजेच्या बँडात कॉर्नेट वाजवून पेन्शनीत आले होते आणि आल्या आल्या त्यांनी लग्नाचा बँड काढला होता. आई आतून घेवड्याची आमटी आणि भाकऱ्या पाठवायची. भाकरी थापण्याचा तिचा हात बाहेरच्या ढोलाबरोबर पडायचा हे तिला कधी कळलं नाही. आम्ही कधी सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर तिनं मुद्दाम बिघडवला असता.

मी या घरातली पहिली कॉलेजात गेलेली आणि पहिली बी.ए. झालेली. हे मी या पुस्तकात आधी दोनदा लिहिलं आहे आणि पुढेही लिहीन, ज्याला कंटाळा येईल त्यानं पान उलटावं. पण कॉलेजच्या आधी मला एक विद्या येत होती, ती म्हणजे पाच रेघांचं इंग्रजी नोटेशन. फौजेत आबा ते वाचायला शिकले होते, लिहिताना मात्र त्यांचा हात जड व्हायचा. म्हणून मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला रेघा मारून वही दिली आणि म्हणाले, "सुमे, मी वाजिवतो, तू लिव्ह." तेव्हापासून बँडच्या सगळ्या चाली माझ्या अक्षरात होत्या. लग्न ठरवायला येणाऱ्या लोकांपुढे आबा ती वही उघडून धरायचे. लोकांना ओळीवर मुंग्या बसल्यासारखं दिसायचं, पण मान सगळे डोलवायचे.

आबांचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बापूकाका लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले. तेही पलटणीच्या बँडात, क्लॅरिनेटवर. लढाई संपल्यावर आठ दिवसांच्या रजेवर आले तेव्हा त्यांनी ट्रंकेतून कांबळ्यात गुंडाळलेली एक रेकॉर्ड काढली. बाजारात दिसणाऱ्या साध्या रेकॉर्डींपेक्षा ती चांगली चार बोटं मोठी, भाकरीच्या तव्याशेजारी परात ठेवावी तशी. अमेरिकन शिपायांनी त्यांना ती दिली होती. तिच्यात वीस-बावीस माणसांचा बँड होता, लढाईत नव्हे तर नाचायला वाजवणारा. मधल्या कागदावरची अक्षरं ओलीनं पुसली होती, म्हणून त्या चालीचं खरं नाव काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही तिला 'इटली' म्हणायचो. काका रेकॉर्ड ठेवून डेपोत परत गेले, पुढच्या पाच-सहा महिन्यांत सुटून यायचं होतं. घरात तोवर फोनो नव्हता. आबांनी पाचगणीच्या एका घर मोडून जाणाऱ्या साहेबाकडून चावीचा छोटा पेटीचा फोनो आणला, सोबत दोन साध्या रेकॉर्डी मिळाल्या.

माझी मॅट्रिकची परीक्षा झाली होती. तो अख्खा उन्हाळा मी ओटीवर फोनोपुढं पालथी पडून 'इटली' लिहून काढली. चावी पूर्ण द्यायची, पिन ठेवायची, दोन ओळी लिहायच्या, पुन्हा चावी आणि पुन्हा पहिल्यापासून, कारण मधेच पिन टेकवली तर रेकॉर्ड चरेल म्हणून आबांची सक्त मनाई होती. असं संगीत मी जन्मात ऐकलं नव्हतं. भोंगे एकमेकांना हाका मारतात, मधेच सगळे गप्प बसतात, आणि एक क्लॅरिनेट एकटंच सुटतं, गोठ्यातून वासरू सुटावं तसं. मला ऐकता ऐकता हसू यायचं. आई विचारायची, "खुळी झालीस का गं?" मी म्हणायची, "होय." त्यात दोन गोष्टी तर अद्भुतच होत्या. एक म्हणजे चालीच्या ठेक्याशी काही संबंध नसलेला 'टक' असा एक आवाज सबंध वेळ चालू असायचा, आणि तो कुठल्या वाद्याचा ते ओळखू येत नव्हतं. दुसरी म्हणजे शेवट. सगळा बँड जोरात असताना शेवटी शेवटी एकदम सगळी वाद्यं मिळून खाली घसरू लागायची, सूर उतरत जायचा, चाल मंद होत जायची, आणि पिन शेवटच्या रेघेशी पोचता पोचता एक जाड, झोपाळू हुंकार देऊन सगळं थांबायचं. "काय डोस्कं लावलंय," आबा म्हणाले. "एवढी माणसं एका टायमाला घसरत्यात, कुणी फुडं न्हाई, कुणी मागं न्हाई. ह्याला म्हंत्यात डिशिप्लीन." मी तो शेवट सुरासुरानं लिहिला. पाव-पाव सुराला इंग्रजी नोटेशनात चिन्ह नव्हतं, म्हणून मी स्वतः चिन्हं केली. त्या वेळी मला त्याचा किती गर्व वाटला होता ते आज लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात.

तो 'टक' ढोलवाल्या भिकूतात्यांच्या वाट्याला आला. एका हातानं चालीचा ठेका धरायचा आणि दुसऱ्या हातानं ढोलाच्या कडेवर तो बेबनावी टक मारायचा, हे माणसाच्या शरीराला मंजूर नसतं. तात्या रस्त्यानं चालताना टक करायचे, जेवताना ताटावर करायचे. तीन महिन्यांनी त्यांना तो साधला तेव्हा आबांनी सगळ्या बँडला कंदी पेढे वाटले.

जूनमध्ये मी सांगलीला कॉलेजात गेले आणि मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. इकडे घट बसायच्या आधी आईनं घरातलं सगळं धुऊन वाळत घातलं. चादरी, डबे, पाट, वरवंटा. त्यात ती रेकॉर्डही राखेनं घासून, नावाचा कागद सोलून, तिनं पत्र्यावर उन्हाला ठेवली. दुपारी ती कढईसारखी खोलगट होऊन निघाली. आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, "जाऊ द्या. सुमीच्या वहीत हाय."

दिवाळीला मी घरी आले त्याच दिवशी काकाही सुटून कायमचे आले. आबांनी त्यांना परसात खुर्ची टाकून बसवलं, हातात बेसनाचा लाडू दिला, आणि बँडला हुकूम सोडला. 'इटली' सुरू झाली. काकांचे डोळे भरून आले. मग क्लॅरिनेटचा एकट्याचा तुकडा आला, तो वाजवणारा रामा वहीत बघून एक-एक सूर शिक्का मारल्यासारखा वाजवत होता, आणि काकांची मान वाकडी झाली. मग शेवट आला. सगळा बँड घसरत घसरत खाली गेला. काकांनी लाडू खाली ठेवला.

"दादा, ह्यो रेडा का बसला शेवटाला?"

"रेडा न्हवं. शेवट हाय."

"आवं, कुणी सांगितलं? मी सोता उभा राहून ऐकलीया ही चाल. शेवटाला समदे उठून उभं ऱ्हात्यात, वर वर जात्यात, आन् दाणकन थांबत्यात. असल्या शेवटावर नाचणारी माणसं फरशीवर निजतील की!"

"रेकॉर्डवर असंच हुतं."

"आन् ही क्लॅरिनेट? ती पाठ करून वाजवायची नसतीया. तिथं तो गडी मनाला यील ते वाजिवतो. आज एक, उद्या निराळं."

"मग खरं कंचं?"

"दोन्ही."

आबा हसले. "बापू, एका वावराचे दोन उतारे निघालं तर तलाठी तुरुंगात जातोय. रेकॉर्ड म्हंजे छापलेलं असतंय. रोज वाजवलं तरी रोज त्येच. निराळं कवा वाजलं ते?"

इथं मी तोंड घातलं. एका सहामाहीत माझं 'हाय' जाऊन 'आहे' झालं होतं आणि आई त्यावरून मला "बाईसाहेब" म्हणत होती. मी म्हणाले, "काका, मी ती रेकॉर्ड शंभर वेळा ऐकली आहे. एकेक सूर लिहिला आहे. तुम्हाला लिहिता येतं का नोटेशन?"

काका सावकाश म्हणाले, "मी माणसं ऐकल्यात, पोरी. तू पेटी ऐकलीस."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. काका आणि आबा एकाच पंगतीला बसायचे, पण बोलणं आईमार्फत. "वैनी, त्यास्नी म्हणावं, मीठ सरकवा." "बापूला सांग, मीठ लागत असंल तर ज्यानं त्यानं उठून घ्यावं." आई दोघांच्या मधे बसून म्हणायची, "मी काय टपाल हाय का?" आणि मीठ स्वतःकडंच ठेवायची. पण चार दिवसांनी खरंच टपाल आलं. सांगलीच्या एका मोठ्या बँडच्या मास्तरांचं काकांना पत्र होतं. क्लॅरिनेटवाला हवा होता. काकांनी आईला ऐकवलं, आबांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मार्गशीर्षात सांगलीला आपल्या बँडाला एक लगीन हाय न्हवं, तेवढं वाजिवतो. दुसऱ्या दिवसापास्नं मी तिकडंच." फौजेतून परत आलेला भाऊ महिन्याभरात घरातून जाणार होता, आणि सगळं माझ्या वहीवरून चाललं होतं. मला त्याचं वाईट वाटलं का? खरं सांगते, तेव्हा नाही वाटलं. मी बरोबर आहे याची खात्री असलेल्या माणसाला वाईट वाटायला वेळ नसतो.

खात्री गेली ती वसतिगृहात. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या रेक्टरबाई दिवा लावून फोनोवर एक भजन लावायच्या. त्या गुरुवारी एका मुलीनं चावी अर्धीच दिली. भजन छान चाललं होतं, आणि शेवटच्या कडव्याला गाणाऱ्या बाईंचा आवाज जाड होऊ लागला, बाप्याचा झाला, म्हशीचा झाला, आणि घसरत घसरत एक झोपाळू हुंकार देऊन थांबला. मुली फिदीफिदी हसल्या. रेक्टरबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मी एकटी दगड होऊन बसले. तो 'इटली'चा शेवट होता. सुरासुरानं तोच. आमच्या फोनोची चावी साध्या रेकॉर्डीला बरोबर पुरायची, म्हणून कधी शंका आली नव्हती. ती मोठी रेकॉर्ड दीडपट वेळ वाजायची. तिला शेवटी चावीच उरत नव्हती. आणि मग, हातात निरांजन असताना, मला तो टकही कळला. दर फेऱ्याला एक टक. रेकॉर्डला तडा होता.

लग्न चार दिवसांवर होतं. गप्प बसले तर काका जाणार, खरे असून खोटे ठरून. बोलले तर ज्या वहीवर आबांनी सगळ्या साताऱ्यात मान ताठ केली होती ती वही त्यांच्याच बँडपुढं खोटी पडणार, आणि पोरीला कॉलेजात कशाला घातली म्हणणारे लोक काय म्हणतील ते मला पाठ होतं. चार दिवस मला तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं एक वाक्य वाचता आलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी रेक्टरबाईंची परवानगी काढून मी नदीकाठच्या धर्मशाळेत गेले. बँड उतरला होता. लाल कोट खिडकीला टांगलेले, माणसं कोंडाळं करून भडंग खात, कच्चा कांदा फोडत बसलेली. काका एका खांबाशी, आबा दुसऱ्या खांबाशी. मी मधे जाऊन उभी राहिले.

"आबा, शेवट चुकलाय."

"कुणाचा?"

"इटलीचा. म्हंजे माझा." आणि मी सगळं सांगून टाकलं, चावीसकट. सांगताना माझं 'आहे' कधी गेलं आणि 'हाय' कधी आलं ते कळलंच नाही.

मग भिकूतात्यांनी भडंगाची मूठ हळूच खाली सोडली. "आन् माझं टक?"

"तात्या, तो तडा हुता."

"तडा?"

"रेकॉर्डीला."

"आगं, तीन महिनं!" तात्या उभे राहिले. "ताटावर वाजिवतो म्हणून बायकोनं दोन येळा म्होरलं ताट उचलून नेलं माझं! तड्यापायी?"

पहिला रामा हसला. मग सगळे सुटले, कांदा नाकात गेला, कोणी खांबाला धरून हसत होतं. आबा हसत नव्हते. ते उठले, कोटाची बटणं लावली, टोपी घातली, आणि काकांच्या पुढं जाऊन सावधान उभे राहिले. महिन्यात पहिल्यांदा ते भावाशी थेट बोलले. "बापू, तू बोललास त्ये खरं हुतं. माझं चुकलं."

"आवं, असू द्या की दादा," काका घाबरूनच उठले.

"असू द्या न्हाई. नवरदेवाचा परण्या निघायला चार तास हायत. खरा शेवट शिकीव."

काकांनी क्लॅरिनेट काढलं आणि वाजवला. काय सुंदर वर गेला तो! आबांनी कॉर्नेट उचललं. "परत." काकांनी परत वाजवला. आबांनी कॉर्नेट खाली आणलं. "ह्यो मघाचा न्हाई."

"त्योच हाय, जरासा..."

"परत." तिसरा तर दुसऱ्याचा पुतण्याही वाटेना.

"बापू, ह्यातला खरा कंचा?"

"तिन्ही. रोज निराळा करायची ती माणसं."

"अकरा माणसांस्नी 'रोज निराळा' मी चार तासांत कसा शिकवू?" आबा ओरडले, आणि मग त्यांनाही हसू फुटलं, पोट धरून, टोपी खाली पडेपर्यंत. डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. मधला तुकडा बापूचा, त्याच्या मनाला येईल तसा. शेवट सुमीचा.

"चुकीचा वाजवायचा?" काका म्हणाले.

"चुकीचा. पर समद्यांनी मिळून."

"आन् मी टक सोडणार न्हाई," तात्या म्हणाले. "लय कष्टानं आलाय."

मागे माझ्या नातवानं कॉम्प्युटरवर शोधून मला त्या काळातले पुष्कळ अमेरिकन बँड ऐकवले. 'इटली'सारख्या तीन चाली निघाल्या, कदाचित एकच चाल तीनदा असेल, प्रत्येकीत क्लॅरिनेट निराळं आणि शेवट निराळा. "आजी, यातली ओरिजिनल कुठली?" त्यानं विचारलं. मी त्याला तलाठ्याची गोष्ट सांगितली. त्याला तलाठी म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं.

असो. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळात जातो, तो आमच्याकडे परण्या. आमचा नवरदेव कराडकडचा उसाच्या बागायतदाराचा मुलगा, फौजेत सुभेदार. बँड पुढं, मागं घोडा, मागं कलश घेतलेल्या करवल्या, मागं सगळं वऱ्हाड. मी करवल्यांच्या जवळून चालत होते. 'इटली' सुरू झाली आणि काकांचा तुकडा आला. मी शंभर वेळा ऐकलेलं, लिहिलेलं, मला पाठ असलेलं ते क्लॅरिनेट नव्हतंच हे. काका कुठून कुठं गेले, मधेच जात्यावरच्या ओवीसारखं काही तरी वळवून आणलं, परत अमेरिकेत पोचले. पुढं चालणाऱ्या आबांचे कान मागून लाल झालेले मला दिसत होते. आणि मग शेवट. सगळे भोंगे घसरू लागले. फौजेची सवय अशी की पाऊल चालीवर पडतं, चाल मंदावली तसं पाऊल मंदावलं, बँड मंदावला तसा घोडा मंदावला, करवल्या कलश सावरत मंदावल्या, आणि सबंध वऱ्हाड त्या जाड हुंकारावर, भर पेठेत, एक पाय पुढे टाकून थांबलं. तात्यांचा एकच टक उरला.

मग एका माडीवरून कोणी तरी खच्चून ओरडलं, "वन्स मोर!"

सांगली नाटकवेडी. एका वन्स मोरवर ती थांबेल होय? देऊळ हाकेच्या अंतरावर, पण तिथं पोचायला दीड तास लागला. तिसऱ्या खेपेला वऱ्हाडातले म्हातारे सुराबरोबर गुडघ्यांत वाकायला लागले. चौथ्या खेपेला मुलीचे मामा, भारदस्त माणूस, जरीचा फेटा, घसरत घसरत रस्त्यावर बसले आणि त्यांना दोघांनी उचललं. सुभेदारसाहेब घोड्यावर आडवे होऊन हसत होते. भटजी मुहूर्ताची घटका ओरडून सांगत होते आणि त्यांचाही आवाज, शपथेवर सांगते, शेवटाला घसरत होता. मी हसता हसता रडत होते. करवल्यांना वाटलं मुलीकडची असेल.

देवळाच्या पायरीशी मुलीकडचा बँड उभा होता, म्हणजे पत्र पाठवणाऱ्या मास्तरांचाच. पांढरे कोट, प्रत्येकापुढं छापील नोटेशनचा स्टँड. मास्तर सभ्य माणूस. ते काकांजवळ आले.

"फार गोड हात आहे तुमचा. उद्यापासून या. पण एक सांगतो, रागावू नका. तो शेवट चुकीचा आहे हो. आणि मधे तुमचं क्लॅरिनेट चालीबाहेर गेलं होतं. आमच्याकडे छापलेल्याच्या बाहेर एक सूर जात नाही."

काका क्लॅरिनेटातली थुंकी झटकत उभे होते. घामानं कोट काळा झाला होता. त्यांनी हात जोडले.

"माफी करा, मास्तर. तुमच्याकडं समदे बरूबर वाजिवत्यात. माझा जीव घुसमटंल."

आबा चार पावलं पुढं होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. कॉर्नेट तोंडाशी नेता नेता ते फक्त म्हणाले, "बापू, लायनीत ये."